पाडकामाआधी केबिनची भोके मोजा: ठाण्याचे आयुक्त आणि जिल्हाधिकारी यांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, ठाणे महानगरपालिका
मा. जिल्हाधिकारी, ठाणे

विषय: जुन्या ठाण्यातील इमारती पाडण्यापूर्वी मूकपटाच्या काळातील अल्पायुषी चित्रपटगृहांच्या खुणा नोंदवणे आणि संबंधित दप्तर जपणे

महोदय / महोदया,

बरीच वर्षे चाललेले टॉकीज निदान नावापुरते तरी उरते. ठाण्यात एसटी स्थानकाला ‘वंदना’ म्हणतात, गोखले रोडवर पत्ता सांगताना ‘मल्हार’चे नाव येते. गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये 14 मार्च 1931 रोजी ‘आलम आरा’ लागला. ते थिएटर पडले, पण नाव तिथल्या बाजाराच्या इमारतीला चिकटून राहिले. दोन-तीन हंगाम चालून बंद पडलेल्या थिएटरच्या वाट्याला तेवढेही येत नाही. रिक्षाचा थांबा त्याच्या नावाचा नसतो, आणि ‘सिनेमा’ असे लिहिलेली फाईलही नसते. उरतात त्या भिंतीतल्या चार खुणा आणि भलत्याच विषयाच्या फायलींतल्या दोन ओळी. टेंभी नाका, जांभळी नाका, चरई, खारकर आळी, महागिरी, स्टेशन रोड या पट्ट्यात आता पुनर्विकास जोरात आहे. भिंती महापालिकेच्या परवानगीने पडतील आणि फायली जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून निघतील, म्हणून हे पत्र दोघांनाही आहे.

अशी थिएटरे पटकन का बंद पडली, हे आधी सांगतो. कारण कळले की कुठे शोधायचे तेही कळते.

7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफितींचा खेळ झाला, तिकीट एक रुपया. त्यानंतरची पंधरा-वीस वर्षे सिनेमा हा मुख्यतः फिरता धंदा होता. तंबू, पत्र्याची शेड, रिकामे गोदाम, भाड्याने घेतलेली नाटकशाळा यांतच खेळ होत. जागा अकरा महिन्यांच्या किंवा नुसत्या तोंडी कराराने मिळे, कारण नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. अशा थिएटरचा दस्त दुय्यम निबंधकांच्या सूचीत सापडत नाही तो यामुळे. तो तिथे शोधत बसलेल्या अभ्यासकाचा महिना फुकट जातो.

दुसरे कारण पावसाळा. पत्र्यावर कोकणातला पाऊस कोसळत असताना हार्मोनियम-तबला पहिल्या रांगेलाही ऐकू जात नाही. मूकपटाला साथ नसेल तर प्रेक्षक कंटाळतो. जून ते सप्टेंबर गल्ला बसला की भाडे थकते आणि दिवाळीत त्याच जागेत कापडाचे दुकान लागते.

तिसरे कारण वीज. पडद्यावर चित्र दिसायला कार्बन आर्क लागे. कोळशाच्या दोन कांड्यांची टोके जवळ आणून त्यांच्यामधून डीसी प्रवाह सोडायचा, की धन कांडीच्या टोकाला खळगा पडून तो पांढराशुभ्र तापतो. धन कांडी जास्त झिजते म्हणून ती जाड घेतात. अंतर कमी झाले तर आर्क सुसकारे टाकतो, जास्त झाले तर ज्योत भडकते आणि पडदा पिवळा पडतो. ऑपरेटरचा एक हात सतत त्या अंतरावर आणि दुसरा प्रोजेक्टरच्या दांड्यावर असे. जिथे वीजपुरवठा नव्हता तिथे मालकाला ऑइल इंजिन आणि डायनॅमो स्वतः बसवावा लागे. खुर्च्या-बाकांपेक्षा हाच खर्च जड जाई. कांड्या परदेशातून येत, आणि 1914 नंतर युद्धामुळे परदेशी मालाची आवक आखडली. ज्यांना इंजिन परवडत नव्हते ते ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीत चुन्याची कांडी तापवून काम भागवत. त्यात पडदा लहान ठेवावा लागे आणि नळकांडी सांभाळण्याचा धोका वेगळाच.

चौथे कारण आग, आणि कायदा त्यामागूनच आला. त्या काळची 35 मि.मी. फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. ती पेटली की स्वतःच प्राणवायू पुरवते, म्हणून वाळू टाकून किंवा पाण्यात बुडवूनही विझत नाही, आणि धूर विषारी असतो. हजार फुटांचे रीळ सेकंदाला सोळा चौकटींच्या वेगाने 16 मिनिटे 40 सेकंद चालते. फिल्म प्रोजेक्टरच्या गेटमध्ये, म्हणजे ज्या खिडकीसमोरून ती सरकते तिथे, अडकून एकच चौकट आर्कसमोर काही क्षण थांबली तरी पेट घेई. 1918 चा सिनेमॅटोग्राफ कायदा आला, 1920 पासून त्याचा अंमल सुरू झाला, आणि खेळासाठी परवाना सक्तीचा झाला. मुंबई शहरात तो पोलीस आयुक्तांकडून आणि जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून मिळे. पुढे 1923 च्या मुंबई करमणूक कर कायद्याने तिकिटावर कर बसला, आणि 1931 नंतर बोलपटाची यंत्रे घ्यावी लागली. प्रत्येक पायरीवर छोटे मालक गळाले.

आता फायलींबद्दल. 1920 नंतरच्या थिएटरचा परवाना ठाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या दप्तरात असायला हवा, कराचा हिशेब जिल्हाधिकारी कार्यालयाच्या करमणूक कर शाखेत. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला आणि सिनेमाच्या तिकिटावरचा करमणूक कर त्यात विरला. शाखेला काम उरले नाही की तिचे दप्तर आधी जिन्याखाली जाते आणि मग वर्गवारीला. जिल्हाधिकारी महोदय, आमची आपल्याला पहिली विनंती हीच आहे. करमणूक कर शाखेतली 1960 पूर्वीची नोंदवही, परवाना, नकाशा, आवक-जावक बुक यांतले काहीही ‘ड’ वर्गात टाकून वर्षभरात नष्ट करू नका. ते ‘अ’ वर्गात, म्हणजे कायमस्वरूपी ठेवा किंवा मुंबईच्या पुराभिलेख संचालनालयाकडे सुपूर्द करा. वार्षिक नूतनीकरणाची फाईल कारकुनाला बिनकामाची वाटणे साहजिक आहे. पण दर वर्षीचे नूतनीकरण अचानक थांबते ते साल म्हणजे थिएटर बंद झाल्याचे साल, आणि ते दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

1918 पूर्वी सिनेमासाठी वेगळा कायदाच नव्हता. त्या काळासाठी महापालिकेचे दप्तर महत्त्वाचे. ठाण्याची नगरपालिका 1863 ची, त्यामुळे घरपट्टीच्या आकारणी नोंदवह्या सिनेमापेक्षा जुन्या असणार. त्यात ‘थिएटर’ असे लिहिलेले क्वचितच सापडेल. शेड, मंडप, नाटकशाळा, गोदाम, हॉल असे शेरे पाहावेत आणि त्याच मिळकतीची आकारणी एखाद-दुसऱ्या वर्षापुरती वाढून पुन्हा खाली आली आहे का ते तपासावे. असा उंचवटा दिसला की त्या जागी काहीतरी चालू होते, एवढे नक्की. ते सिनेमाच होते असे मात्र नव्हे.

मिळकत ओळखायची तर ठाण्यात टिका क्रमांक (नगर भूमापनातल्या भागाचा क्रमांक) आणि सिटी सर्व्हे क्रमांक दोन्ही लागतात. नुसता सिटी सर्व्हे क्रमांक दिला तर भलत्याच टिक्याची मिळकत हातात पडते. मालमत्ता पत्रकावरचे फेरफार वाचताना मालकाच्या नावापेक्षा वहिवाटदार आणि भाडेकरूंच्या शेऱ्यांकडे लक्ष द्यावे. थिएटर चालवणारा सहसा जागेचा मालक नसे.

या शोधात रस असलेल्या नागरिकांसाठी इथेच एक सूचना. माहिती अधिकारात ‘अमुक थिएटरची माहिती द्या’ असे विचारू नका, ‘आढळून येत नाही’ असे उत्तर येते आणि ते खोटेही नसते. नोंदवहीचे नाव, साल आणि वॉर्ड लिहून अभिलेख पाहणी मागा. राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवायचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. 2018 च्या शासन परिपत्रकाप्रमाणे सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत अर्जाशिवायही अभिलेख पाहता येतात. आयुक्त महोदय, ती पाहणी जुन्या आकारणी नोंदवह्यांनाही लागू आहे, असे आपल्या अभिलेख कक्षाला लेखी कळवले तर दारातला बराच वाद टळेल.

छापील पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासूनचे आहे. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ 1913 मध्ये सुरू झाला, पुण्याचा ‘ज्ञानप्रकाश’ त्याआधीपासून चालू होता. या पत्रांतल्या जाहिराती चाळाव्यात, बातम्या नंतर. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्या जागेचे पूर्ण नाव ‘कोरोनेशन सिनेमॅटोग्राफ अँड व्हरायटी हॉल’ होते, आणि तिथे चित्रांबरोबर नाच, नकला, कसरतीही होत. पहिल्या भारतीय कथापटाच्या थिएटरची ही तऱ्हा, तर बाजारपेठेतल्या लहान हॉलकडून केवळ सिनेमाची अपेक्षा का धरावी? सिनेमाच्या धंद्याची चौकशी करणाऱ्या 1927-28 च्या सरकारी रंगाचारी समितीच्या साक्षींचे खंड छापलेले आहेत. मुंबई इलाख्यातला धंदा कसा चालत होता ते त्यात मालकांच्या तोंडून मिळते.

हँडबिल मिळाले तर तिकिटांचे दर आधी वाचा. नाटकात पुढची रांग महाग, सिनेमात मागची. सर्वांत महाग जागा कुठे आहे यावरून त्या संध्याकाळी तिथे काय होते ते निम्मे कळते. हँडबिलला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. दोन कोऱ्या आम्लरहित कागदांमध्ये सपाट ठेवा.

आता भिंती. महापालिकेला सर्वांत कमी खर्चात इथे काम करता येईल. कनिष्ठ अभियंता, कॅमेरा, 30 मीटरची टेप आणि गवंड्याची पाण्याची नळी पुरे.

पहिली जागा म्हणजे मागच्या भिंतीवरची प्रोजेक्टरची केबिन. नायट्रेटच्या भीतीने ती प्रेक्षागृहापासून तोडलेली असते. जिना बाहेरून, बहुधा लोखंडी, दार बाहेर उघडणारे, खोली जेमतेम दोन माणसांची. प्रेक्षागृहाकडच्या भिंतीत प्रत्येक प्रोजेक्टरसाठी दोन भोके असतात, एक प्रकाशझोतासाठी आणि एक ऑपरेटरच्या डोळ्यासाठी. वर लोखंडी झडपेचे खाचे दिसतात. आग लागली की दोरी सोडायची आणि झडप पडायची, अशी ती रचना. भोके नंतर विटांनी बुजवतात, पण गिलाव्यावर चौकोनी भेग उमटते आणि ठोकून पाहिले तर आवाज बदलतो. दोनच भोके असतील तर एकच प्रोजेक्टर होता, म्हणजे दर रिळाला खेळ थांबत होता. हे मूकपटकाळाचे चांगले लक्षण आहे. छतात आर्कच्या धुरासाठी गोल भोक आणि त्याभोवती काजळी, जमिनीत पायाचे बोल्ट, भिंतीवर विजेच्या तारा धरणाऱ्या चिनीमातीच्या क्लीट किंवा लाकडी केसिंग-कॅपिंग, स्लेटच्या पाटीवर चाकूस्विच, हे सगळे फोटोत यायला हवे. फोटोत मोजपट्टी ठेवा.

दुसरी जागा पडद्याची भिंत. मूकपटाची चौकट 4:3 प्रमाणात असते. काळ्या किनारीतला पांढरा आयत शिल्लक असेल तर त्याची रुंदी भागिले उंची 1.33 च्या आसपास यायला हवी. मग केबिनच्या भोकापासून पडद्यापर्यंतचे अंतर मोजा. प्रोजेक्टरच्या गेटमधल्या चौकटीची रुंदी सुमारे 0.906 इंच असते. ती अंतराने गुणून भिंगाच्या फोकल लांबीने भागली की पडद्यावरच्या चित्राची रुंदी मिळते. 60 फूट अंतर आणि 4 इंची भिंग असेल तर चित्र साडेतेरा फूट रुंद आणि दहा फूट उंच येते. भिंतीवरचा आयत जवळपास तेवढा भरला तर केबिन आणि पडदा एकाच काळचे. आयत फारच रुंद असेल तर तो 1950 च्या दशकात रुंद पडदे आल्यानंतरचा.

जमिनीचा उतार डोळ्याने ठरवू नका. पारदर्शक नळीत पाणी भरून दर मीटरला पातळी घ्या. नळीत एक जरी बुडबुडा अडकला तर मोजमाप चुकते. म्हणून सुरुवातीला दोन्ही टोके शेजारी धरून पाणी समान उभे राहते का ते पाहा, आणि नळीचा काही भाग उन्हात ठेवू नका. उतार नसला तरी निराश व्हायचे कारण नाही, सुरुवातीच्या हॉलमध्ये पुढे जाजम आणि मागे बाके असत, जमीन सपाटच असे.

दारांच्या फळ्या गेल्या असल्या तरी चौकट बोलते. फळी बसण्याचा खाचा चौकटीच्या बाहेरच्या अंगाला असेल तर दार बाहेर उघडत होते. घराची दारे आत उघडतात, गर्दीच्या जागेची बाहेर. परंतु धान्याच्या गोदामाचीही दारे बाहेर उघडतात आणि झरोके उंचावर असतात, आणि नेमक्या याच गफलतीतून गावोगाव ‘जुनी टॉकीज’ निर्माण होतात. एकट्या दारावरून किंवा एकट्या झरोक्यावरून कधीही निष्कर्ष काढू नये. केबिन, पडद्याची भिंत आणि इंजिनघर यांपैकी किमान दोन खुणा असाव्यात आणि जोडीला कागदाचा एक पुरावा असावा. इंजिनघर म्हणजे मागच्या अंगणातली तेलाने काळी पडलेली जमीन, पायाचे चार जाड बोल्ट आणि शेजारी थंड पाण्याची टाकी. पिठाच्या गिरणीतही हेच असते, तेव्हा पुन्हा सावध.

माळ्यावर फिल्मचा डबा सापडला तर पुढचे वाक्य कंत्राटदाराच्या अटींत शब्दशः घालावे: डबा उघडू नका, कशानेही खरवडू नका, प्रोजेक्टरवर चढवू नका, रिक्षा-लोकलने नेऊ नका, सावलीत मोकळ्या हवेत ठेवून अग्निशमन दलाला कळवा. नायट्रेट सडताना आधी चित्र पिवळसर होऊन फिकट पडते, मग थर चिकटतात, फेस येतो, रीळ एकच ढेकूळ बनते आणि शेवटी तपकिरी भुकटी उरते. या अवस्थांत ती साध्या उन्हाच्या तापातही पेटू शकते. डब्याजवळ व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ती बहुधा नंतरची अॅसिटेट फिल्म, आगीचा धोका कमी. फिल्मच्या काठावर इंग्रजी अक्षरांत ‘नायट्रेट’ किंवा ‘सेफ्टी’ छापलेले असते, ध्वनिपट्टी नसेल तर मूकपट असण्याची शक्यता. कोडॅकच्या फिल्मवर काठाला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशी वर्षखूण असते, पण ती वीस वर्षांनी पुन्हा येते. 1917 ची खूण 1937 लाही तीच, म्हणून एकट्या खुणेवरून साल जाहीर करू नये. हे वाचन पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातल्या तज्ज्ञांवर सोडावे. काचेच्या सव्वातीन इंची चौकोनी स्लाइड मात्र सुरक्षित असतात. त्यांवर स्थानिक दुकानांच्या जाहिराती सापडतात, आणि दुकानाच्या नावावरून काळ ठरतो.

फलकांबद्दलही बोलायला हवे, कारण महापालिकेला फलक लावण्याची हौस आहे आणि ती वाईट नाही. भिंत आणि कागद दोन्ही मिळाले तर ‘या जागी’ लिहा. नुसता कागद असेल तर ‘या परिसरात’. नुसती ऐकीव गोष्ट असेल तर फलक लावूच नका, ती ग्रंथसंग्रहालयात टिपण म्हणून ठेवा. फलकावर सुरू झाल्याचे आणि बंद झाल्याचे, दोन्ही साल असावे. ‘ठाण्यातील पहिले’ हा शब्दप्रयोग तूर्त बंद ठेवावा. त्यावरून भांडणे होतात आणि चार वर्षांनी जुनी जाहिरात सापडली की फलक बदलावा लागतो.

शेवटी वेळापत्रक. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतींची यादी निघते, सी-1, म्हणजे अतिधोकादायक, वर्गातल्या इमारती घाईने रिकाम्या होऊन पाडल्या जातात. नेमक्या त्याच जुन्या इमारती असतात. सी-1 इमारतीत नोंदीसाठी कोणीही शिरू नये, तिथे बाहेरून आणि शेजारच्या गच्चीवरून फोटो घ्यावेत. सी-2, म्हणजे दुरुस्तीयोग्य, इमारतींत संरचना अभियंत्यासोबत अर्ध्या दिवसात वरची सगळी मोजमापे होतात. म्हणून 1960 पूर्वीच्या इमारतीच्या पाडकाम परवानगीला फोटो-मोजमापाचे एक पान जोडण्याची अट मार्चअखेर परिपत्रकाने घालावी. त्या पानावर टिका क्रमांक, सिटी सर्व्हे क्रमांक, मागच्या भिंतीचा फोटो, दारांच्या चौकटींचा फोटो आणि जमिनीच्या पातळ्या एवढेच असावे. पानाची एक प्रत वॉर्ड कार्यालयात आणि दुसरी ग्रंथसंग्रहालयात जमा व्हावी. मोजमाप करणाऱ्या अभियंत्यांना केबिन ओळखायला शिकवायचे असेल तर शहरातले जुने ऑपरेटर एका दुपारी येऊन दाखवून देतील, मानधनाची अपेक्षा नाही.

आपले,
जुन्या ठाण्याच्या नोंदी शोधणारे काही नागरिक आणि निवृत्त सिनेमा ऑपरेटर, ठाणे